तिसऱ्या सिलिंडरमधली काच

२० नोव्हेंबर, गुरुवार. काम: गाडीचे चारही स्पार्क प्लग बदलणे. लागणारा वेळ: दीड तास, चहा धरून.

डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक वही ठेवते, तिच्यात एवढंच लिहिलं होतं. गाडी सोळा वर्षांची. गेले पंधरा दिवस सिग्नलला उभी राहिली की ती थंडी भरल्यासारखी थरथरायची आणि पहिल्या गिअरमध्ये एक उचकी द्यायची. याला मेकॅनिक लोक मिसिंग म्हणतात. चारपैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही. नवे प्लग आणून ठेवले होते, ऑफिसात रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिरढोणच्या पुढे, माझ्या दिरांच्या घरी, पुतण्याची हळद होती आणि सासूबाईंना तिथे मी गाडीने नेणार होते.

दिरांकडे मोठी उंच गाडी आहे. ती पाठवायला ते तयार होते. पण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना पाय उंच टाकता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला त्या अशाच उंच गाडीतून गेल्या, तेव्हा दोघा पुतण्यांनी त्यांना काखेत धरून, मांडवासमोर, सगळ्यांच्या देखत उचलून उतरवलं. तिथे त्या पदर सावरून आत गेल्या. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, "मी काय मिठाचं पोतं हाय? आता कुणाच्या लग्नाला नाय जानार." आणि खरंच पुढच्या दोन लग्नांना गेल्या नाहीत. आमची गाडी बुटकी आहे. तिच्या सीटवर पाठमोरं बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. हे त्या एकट्या करतात, कुणाचा हात न धरता. या नातवाच्या हळदीला येते, असं त्या आपणहून म्हणाल्या होत्या. अट एकच, आपल्या गाडीने.

म्हणून प्लग.

आमच्या इमारतीखालचं पार्किंग सकाळी दहा ते बारा बरं असतं. दुचाक्या गेलेल्या असतात, कामवाल्या येऊन गेलेल्या असतात. खांबांच्या मधून ऊन आडवं आत येतं आणि फरशीवर लांब पट्टे पडतात. कळंबोलीकडून ट्रकांचा आवाज येतो, पण तो इतका सपाट आणि सतत असतो की काही वेळाने समुद्र जवळ असल्यासारखं वाटतं. त्या आवाजात मी रोजच असते. लोखंड बाजारात एका ऑफिसात माल रवाना करायचं काम बघते, दिवसभर ट्रक येतात, भरतात, जातात. पण तिथे तो आवाज म्हणजे काम. इथे, बॉनेट उघडून त्यावर वाकलं की तोच आवाज कुठल्या कुठे जातो.

गाडीचं काम स्वतः करायला लागून मला चार वर्षं झाली. सुरुवात कशी झाली ते फार मोठं नाही. गॅरेज बंद होतं, ऑइल बदलायचं होतं, मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि केलं. पहिल्याच वेळी ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण लावायला विसरले. तशीच खांदा कॉलनीच्या पुलापर्यंत गेले. जळका वास आला म्हणून थांबले, बॉनेट उघडलं, तर सगळं इंजिन तेलाने न्हालेलं आणि झाकण बॅटरीवर आरामात बसलेलं. त्या दिवसापासून काढलेलं झाकण मी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवते. बसायला गेलं की टोचतं.

पुढची चूक खालच्या बोल्टची. ऑइल सोडायचा जो बोल्ट असतो, तो घट्ट झाल्यावर मी सवयीने आणखी एक पीळ दिला. लोणच्याच्या बरणीला देतो तसा. आटे गेले. ज्यांच्याकडे गाडी ओढून न्यावी लागली ते मेकॅनिक पनवेलच्या जुन्या भागात असतात, वय सत्तरीच्या आसपास, त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी बोल्ट हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरी डब्यांची झाकणं कोण उघडतं?"

"मीच."

"बाकीच्यांना उघडतच नसतील."

तेव्हापासून ते माझे गुरू, असं म्हणता येईल. पण त्यांना तसं म्हटलं तर आवडणार नाही. फोन केला की ते पहिल्यांदा विचारतात, "आज काय तोडलंत?"

एकदा प्लगांना वीज देणाऱ्या दोन कॉइलच्या वायरींची अदलाबदल केली. एकदा दहा नंबरचा पाना रेडिएटरच्या मागे विसरले आणि तो सहा महिने माझ्याबरोबर अलिबाग, खोपोली, कुठे कुठे फिरून आला. प्रत्येक चुकीनंतर वहीत एक ओळ वाढली. फोटो काढ. नंबर घाल. पाने मोज. अंगठी, घड्याळ काढ. प्लग काढल्याबरोबर भोकात फडकं कोंब.

या चुका घाईत झाल्या असत्या तर मला समजलं असतं. पण माझ्या हातून घाईत काही बिघडत नाही. घाईत मी चांगली असते. नोकरीच ती आहे. चुका होतात त्या उलट वेळी. सगळं सुरळीत चालू असतं, बोल्ट सुटत असतात, हातांना पुढचं पाऊल आपोआप कळत असतं, आणि मी हळूहळू कुठेतरी निघून जाते. डोळे उघडे असतात. हात चालू असतात. इंजिनाच्या आतला तो ऑइलचा आणि गरम रबराचा वास, फडक्याचा मऊपणा, रॅचेट पान्याची टिकटिक. ती टिकटिक मला लहानपणी दुपारी ऐकलेल्या शिलाई मशीनसारखी वाटते. त्या वेळी मी कुणाची कुणी नसते. घरात, ऑफिसात अशी जागा नाही. तिथून परत येते ती बहुतेक वेळा काहीतरी पडल्याच्या आवाजाने.

त्या दिवशीही तसंच झालं.

आदल्या दिवशी दिरांच्या घरी कासार येऊन गेला होता. लग्नघरातल्या सगळ्या बायकांना त्याने हिरव्या बांगड्या भरल्या. मला एका हातात सात, दुसऱ्यात आठ. आमच्यात त्या लग्न लागेपर्यंत उतरवत नाहीत. फुटली तर लगेच भरता यावी म्हणून तो माझ्या मापाच्या दोन जादा देऊन गेला. सकाळी वहीतल्या नियमाप्रमाणे मी अंगठी काढली, घड्याळ काढलं, मंगळसूत्र कुडत्याच्या आत टाकलं. बांगड्या काढायच्या नव्हत्या, म्हणून त्यांचा विचारच केला नाही. वहीत बांगड्या लिहिलेल्या नव्हत्या.

पहिला प्लग निघाला, दुसरा निघाला, दोन्ही भोकांत फडकी गेली. तिसरा प्लग काढला तेव्हा तो काळा, ओलसर होता. हाच तो उचकी देणारा. मी तो उन्हाच्या पट्ट्यात धरून बघत राहिले. टोकाची काजळी मखमलीसारखी होती, मध्ये पांढरी चिनी माती, कडेला तेलाचा बारीक इंद्रधनुषी पापुद्रा. किती वेळ बघत होते कोण जाणे. फडकं खांद्यावर होतं. डावा हात चौथ्या कॉइलकडे आपणहून गेला, आणि मधल्या लोखंडी पट्टीच्या धारेवर बांगड्या आपटल्या.

आवाज फार सुंदर झाला. खोटं कशाला बोलू. एक किणकिण, मग खाली जाताना तिच्याहून लहान किणकिण, मग आणखी लहान, खोल कुठेतरी.

मग मला कळलं की 'खोल कुठेतरी' म्हणजे कुठे.

मी हात तिथेच धरून ठेवला. मनगटावर सातांच्या सहा झाल्या होत्या. तिसऱ्या प्लगची विहीर माझ्यासमोर उघडी होती, वीतभराला थोडी कमी, बोटाहून जाड, आणि तिच्या तळाशी सिलिंडरमध्ये जाणारं भोक. टॉर्च लावला. विहिरीच्या काठावर दोन हिरवे तुकडे अडकले होते, अलगद, झोपल्यासारखे. त्यांच्या खाली काळोख होता.

ते दोन मी चिमट्याने उचलले. श्वास रोखून. मग विहिरीत फडकं कोंबलं, जे दहा मिनिटांपूर्वी कोंबायला हवं होतं, आणि चाचांना फोन लावला.

"आज काय तोडलंत?"

"बांगडी. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गेली असेल."

पलीकडे हातोडीचा आवाज चालू होता, तो थांबला. "स्टार्टर मारलात?"

"नाही."

"अर्धा पण नाही?"

"अर्धा पण नाही."

"शुक्र आहे. ऐका. काच लोखंडाला खाते. पिस्टन वर खाली झाला की भिंतीवर ओरखडे. मग इंजिन खोलायचं, आणि या वयाच्या गाडीचं इंजिन कुणी खोलत नाही, भंगारवाल्याला फोन करतात. समजलं?"

"समजलं."

"सगळे तुकडे गोळा करा. जोडून बघा. बाहेरच्या तुकड्यांनीच बांगडी पूर्ण झाली तर आत काही नाही. मी आज पेणला आहे, एका टेम्पोचं काम आहे, रात्र होईल. उद्या सकाळी सातला कॅमेरा घेऊन येतो. तोवर चावी नवऱ्याकडे द्या."

"त्यांना कशाला?"

"तुमच्याकडे नको म्हणून."

जोडून बघा, हे त्यांनी सहज म्हटलं. मी वर गेले, कासाराने दिलेल्या जादा बांगड्यांतली एक घेतली, वहीच्या कोऱ्या पानावर ठेवली आणि पेन्सिलीने तिच्याभोवती वर्तुळ काढलं. मग खाली येऊन शोधायला लागले.

पुढचे दोन तास कसे गेले ते मला नीट आठवत नाही, आणि तरी त्यातलं प्रत्येक क्षुल्लक दृश्य आठवतं. इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात टॉर्चचा गोल फिरत होता. आत एक गावच होतं. पायपांचे रस्ते, वायरींच्या गल्ल्या, धुळीने मऊ झालेल्या पायऱ्या. एका कोपऱ्यात वाळलेलं पिंपळाचं पान, कधी आलं असेल कुणास ठाऊक. एका बोल्टच्या खाचेत कोळ्याने जाळं विणलेलं; म्हणजे ही गाडी मी सोमवार ते शनिवार कळंबोलीला पळवते, आणि तो तिथे घर करून राहतो. एक तुकडा बॅटरीच्या ट्रेमध्ये मिळाला. एक फरशीवर, माझ्या चपलेला चिकटून. एक कुडत्याच्या खिशात, तो तिथे कसा गेला हे मी आजही सांगू शकत नाही. ऊन खांबावरून सरकत गेलं. हिरवी काच तेलात पडली की काळी दिसते, उन्हात धरली की पुन्हा हिरवी.

वर जेवायला गेले तेव्हा मी वही टेबलावर उघडली आणि तुकडे एकेक करून पेन्सिलीच्या रेघेवर मांडले. पाच तुकडे. वर्तुळ जवळजवळ पूर्ण झालं. एका जागी फट राहिली, करंगळीच्या नखाएवढी.

नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. तो चष्मा वर करून वाकून बघू लागला. "एवढीशीच आहे."

"एवढीशीच आत आहे."

"कशावरून? रस्त्यावर उडाली असेल."

"पार्किंगमध्ये रस्ता नाही."

"म्हणजे आता काय, उद्या गाडी नाही?"

मी त्याला हळू बोलायची खूण केली, कारण आतल्या खोलीचं दार उघडं होतं. सासूबाईंनी सकाळीच कपाटातून पातळ काढून खुर्चीच्या पाठीवर हवेला टाकलं होतं. जांभळं, बारीक काठाचं. ते तिथून दिसत होतं.

दुपारी मी व्हॅक्यूम क्लीनर खाली नेला. सासूबाई हॉस्पिटलमधून आल्या तेव्हाची सलाईनची नळी औषधांच्या डब्यात होती, ती क्लीनरच्या तोंडाला चिकटपट्टीने बांधली. आलेलं काही क्लीनरच्या पोटात जाऊ नये म्हणून मध्ये पातळ सुती कापडाचा तुकडा ताणून लावला. नळी विहिरीतून खाली सोडली. ती भोकातून आत गेली, वाकली, आणखी आत गेली आणि एका जागी टेकली. टेकली ती पिस्टनच्या डोक्यावर. सोळा वर्षं मी ज्याच्या जोरावर फिरले त्याला पहिल्यांदाच कशाने तरी स्पर्श केला, असं काहीतरी त्या क्षणी मनात आलं. मग बटण दाबलं.

नळी हळू हळू फिरवायची. थांबायचं. बंद करायचं. कापड उघडून बघायचं. काजळीचे पापुद्रे आले, बारीक, काळे, चुरगळले तर बोटावर रेशमासारखे पसरणारे. चौथ्या वेळी कापडावर एक हिरवं कुसळ आलं.

मी ते तळहातावर ठेवून वर नेलं. जिन्यात कुणी भेटू नये असं वाटत होतं. वहीवर ठेवलं, सुईने सरकवत फटीत बसवलं. बसलं. पण एका बाजूला अजून थोडी जागा उरली. तिळाएवढी.

पुन्हा खाली. पुन्हा नळी. सहा वेळा, आठ वेळा. आता नुसती काजळी येत होती, मग तीही येईना.

"तिळाएवढी काच," नवरा म्हणाला. तो या वेळी खाली आला होता आणि खांबाला टेकून उभा होता. "फुटताना चुरा होतोच की. तो कुठे मोजायचा? इंजिन काय नाजूक आहे एवढं? पेट्रोल पेटतं आत, धडाधड. तीळ त्याला काय करणार?"

"तुझ्या डोळ्यात तिळाएवढी काच गेली तर?"

"मी इंजिन नाही."

"ते तर दिसतंच आहे."

तो हसला आणि वर गेला. चावी त्याने मागितली नाही, मी दिली नाही.

साडेपाच झाले असतील. मी चौथा जुना प्लगही काढला, नवे प्लग चारही भोकांत नुसते बोटांनी अडकवले, धूळ जाऊ नये म्हणून, आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. तिथे काही टोचलं नाही. सगळी झाकणं जागच्या जागी होती. समोर बॉनेट उघडं असल्यामुळे काचेतून पुढचं काहीच दिसत नव्हतं, फक्त निळसर पत्र्याची एक भिंत. आत बसलं की ट्रकांचा आवाज आणखी लांब जातो. सगळं अर्धवट पाण्याखाली गेल्यासारखं होतं. चावी माझ्या हातात होती आणि मग चावीच्या जागी होती. मी ती कधी लावली ते मला कळलंही नाही. हात तेवढा शहाणा आणि तेवढाच मूर्ख. चारही प्लग घट्ट करायला दहा मिनिटं, कॉइल बसवायला पाच, आणि मग एकदा फिरवायचं. उद्या चारला निघायचं. पातळ हवेला टाकलेलं आहे. तीळ बाहेर उडाला असेल. असण्याची शक्यता जास्त आहे. मला सगळं दिसत होतं: गाडी गुळगुळीत चालू झाली आहे, शिरढोणचा रस्ता, बाजूला सासूबाई, मांडवासमोर गाडी थांबते, त्या आधी एक पाय बाहेर ठेवतात, मग दुसरा, आणि उभ्या राहतात.

दृश्य इतकं पूर्ण होतं की मी दचकले. आजवरची प्रत्येक चूक अशाच पूर्ण दृश्यातून झाली होती. झाकण लागलंय, बोल्ट घट्ट झालाय, फडकं कोंबलंय. मनात सगळं आधीच झालेलं असायचं, म्हणून हात ते करायचे राहून जायचे.

मी चावी काढली. उतरले, बॉनेट लावलं, हात धुतले आणि वर जाऊन सासूबाईंसमोर बसले.

त्या टीव्ही बघत होत्या. आवाज बंद होता. त्यांना तसा आवडतो.

"आई, गाडीत काच गेली आहे. माझ्या बांगडीची. निघाली की नाही ते उद्या सकाळी कळेल. नसेल निघाली तर उद्या गाडी चालू करता येणार नाही."

त्या टीव्हीकडेच बघत राहिल्या. "काय झाला नेमका?"

मी नेमकं सांगितलं. प्लग, फडकं, पट्टी, सगळं. वहीही दाखवली. त्यांनी वर्तुळ जवळ धरलं, लांब धरलं, तिळाच्या फटीवर बोट ठेवलं.

"रिक्षाने नेईन," मी म्हणाले. "पुढे खड्डे आहेत, पण हळू नेईल."

"त्या रस्त्यानं रिक्षा? न् हे हाड?" त्यांनी खुब्यावर थाप मारली. "गाडी चालली तं जाऊ. नाय तं मोबाईलवर दाखवतील मना. समदा मोबाईलवरच होते आता, हलद पन तितच लावून घीन." मग माझा डावा हात धरून त्यांनी स्वतःकडे ओढला आणि बांगड्या मोजल्या. "दुसरी नाय भरली?"

"वेळ कुठे होता."

"कामाला अशाच लोंबत्या घालून जातेस?"

"काढायच्या नसतात ना."

"काढाला कोन सांगते? वर चढवाच्या." त्यांनी सहाच्या सहा बांगड्या माझ्या हातावरून कोपराकडे सरकवल्या, त्या मांसल जागी घट्ट होईपर्यंत, आणि वरून मूठ आवळून धरली. "अशा. न् वरशी चिंधी बांधाची. आमी मिठागरात काय बांगऱ्या घरी ठेवून जायचो? दिवसभर फावडा. एक फुटली तं मिठात काच, मंग मुकादम शिव्या घाली. लावनीला पन तसाच. चिखलात काच कोनाच्या पायाला लागली तं?"

 चार वर्षं मी परक्या देशांतल्या लोकांचे व्हिडिओ बघून इंजिन शिकत होते. त्यांनी अंगठ्या काढायला सांगितल्या होत्या, घड्याळं काढायला सांगितली होती, केस बांधायला सांगितले होते. बांगड्यांचं त्यांना कुठून माहीत असणार. आणि ज्यांना माहीत होतं त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या, त्यांना मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना इंजिन कळत नाही म्हणून.

"माझ्यामुळे उद्याचं राहिलं तर," मी म्हणायला सुरुवात केली.

"राहिला तं राहिला. जेवाला वाढ."

पातळ त्यांनी खुर्चीवरून काढलं नाही. मीही काढलं नाही.

सकाळी साडेसहाला उठून मी त्यांच्यासमोर हात धरला. त्यांनी दोन्ही हातांच्या बांगड्या वर चढवल्या आणि जुन्या पातळाच्या दोन चिंध्या फाडून त्यांवर गुंडाळल्या, गाठ आतल्या बाजूला, टोचणार नाही अशी. हात हलके वाटत होते. सातला चाचा आले. त्यांच्या हातात मोबाईल आणि त्याला जोडलेली काळी, लवचिक तार. तिच्या टोकाला वाटाण्याएवढा कॅमेरा आणि त्याभोवती दिव्यांचे ठिपके. चिंध्यांकडे बघून ते म्हणाले, "लागलंय?"

"नाही. बांधल्यात."

त्यांनी दोनदा मान हलवली. मी अडकवलेले प्लग काढले आणि त्यांनी तार तिसऱ्या विहिरीत सोडली.

पडद्यावर आधी धुकं आलं, मग ते निवळलं. आत राखाडी प्रकाशात एक गोल मैदान होतं, काळं, खडबडीत, कुठे कुठे चमकणारं. भोवती भिंत, गुळगुळीत, तिच्यावर बारीक तिरक्या रेघांची जाळी.

"ही जाळी बघा," चाचा हळू म्हणाले, जणू आत कुणी झोपलं होतं. "सोळा वर्षं झाली, अजून शाबूत. हिच्यावर ओरखडा आला असता."

आम्ही त्या मैदानाच्या कडेकडेने फिरलो. एक पांढुरका ठिपका दिसला, तो काजळीचा पापुद्रा निघाला. आणखी पुढे, जिथे मैदान भिंतीला भिडतं, त्या फटीच्या अगदी काठावर काहीतरी होतं. चाचांनी तार किंचित फिरवली. प्रकाश त्यावर पडला आणि ते हिरवं झालं.



त्यांनी दुसरी, सरळ तार काढली, टोकाला हरभऱ्याएवढं ग्रीस लावलं आणि ती माझ्या हातात दिली. "तुमची बांगडी, तुम्ही काढा. मी दाखवतो." ते पडदा धरून उभे राहिले, मी वाकले. पहिल्यांदा टोक भिंतीला लागलं. दुसऱ्यांदा ग्रीस आधीच पुसून गेलं. तिसऱ्यांदा ते त्या हिरव्यावर टेकलं, आणि मी ते तसंच, जराही न दाबता, वर ओढत आणलं. चिमूटभर ग्रीसमध्ये एक कण होता. बोटांवर घेतला तर जाणवतही नव्हता.

चाचांनी पुन्हा सगळी कड पाहिली, दोनदा. मग बाकीचे तीन सिलिंडर पाहिले. मग म्हणाले, "आता हाताने."

मी मुख्य पुलीवर पाना चढवला आणि इंजिन हाताने फिरवलं, पूर्ण दोन फेरे, कान लावून. फक्त तेलाचा आणि हवेचा आवाज, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. पुन्हा कॅमेरा. भिंत स्वच्छ होती.

चार प्लग मी बोटांनी आट्यावर धरले, शेवटपर्यंत बोटांनीच फिरवले, आणि मग पान्याने, सांगितलं होतं तेवढेच आवळले. चाचा बघत होते, म्हणून आणखी एक पीळ द्यायचा मोह झाला नाही. कॉइल नंबरांप्रमाणे बसवल्या. आत बसून चावी फिरवली. गाडी चालू झाली आणि थरथरली नाही. दहा मिनिटं ती तशीच चालू ठेवून आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो.

मग मी ती बंद केली, वर गेले, आणि आईंना म्हटलं, चारला निघू, साडेतीनला तयार राहा. त्या म्हणाल्या, तीनला होते.

चहाचं आधण ठेवून मी वही घेतली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: बांगड्या वर चढवून बांधणे.